लोणच्याची बरणी : काचेची की प्लास्टिकची?

मे महिना सरत आला की आमच्या गावच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागतात आणि त्यांच्या शेजारी अडकित्ते घेऊन फोडी करून देणारी मंडळी बसतात. याच सुमारास दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात आणि दाराशी गेलेल्या बाई मागे वळून विचारतात, "डॉक्टर, लोणचं प्लास्टिकच्या बरणीत घातलं तर चालतं का हो? कॅन्सर होतो म्हणतात."

पूर्वी या प्रश्नाला माझे एक ठरलेले उत्तर असे. "प्लास्टिक फेकून द्या आणि काच वापरा." एवढे बोलून मी पुढच्या रुग्णाला आत बोलावत असे. हे उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते. ते किती अर्धवट होते, हे मला तीन वर्षांपूर्वी कळले.

आमच्या गावात एक बाई घरी लोणची करून विकतात. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शिकणाऱ्या, त्यामुळे घर या लोणच्यांवरच चालते. त्या वर्षी त्या गुडघेदुखीसाठी आल्या असता बोलता बोलता समजले की, त्यांचे सगळे लोणचे भंगारवाल्याकडून घेतलेल्या रंगाच्या रिकाम्या बादल्यांत भरलेले असते. मी त्यांना रागावलो आणि माझे ठरलेले उत्तर ऐकवले. बाईंनी ते मनावर घेतले. उसनवारी करून काचेच्या चार मोठ्या बरण्या आणल्या आणि त्या निर्जंतुक कराव्यात म्हणून चुलीवरचे उकळते पाणी पहिल्या बरणीत ओतले. बरणीचा तळ तडकन सुटला. पडणारी बरणी सावरायला त्यांनी हात घातला आणि उजव्या तळहातावर खोल जखम झाली. दोन बोटांच्या कंडरा, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, तुटल्या होत्या. मी दाब देऊन पट्टी बांधली आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियेसाठी पाठवले. हात वाचला, पण करंगळीशेजारचे बोट आजही पूर्ण मिटत नाही.

काच वापरा, एवढेच मी त्यांना सांगितले होते. ती कशी वापरायची, हे सांगितले नव्हते. आजचा लेख त्या राहिलेल्या अर्ध्या सल्ल्याचा आहे.

बरणीत नेमके काय घडते?

लोणचे हा मुरवायचा पदार्थ आहे. मिठामुळे फोडींतले पाणी बाहेर येते आणि खार तयार होतो. या खारात बहुतेक रोगजंतूंना जगता येत नाही. मीठ सहन करणारे काही जंतू मात्र त्यात तग धरतात आणि फळातल्या वा भाजीतल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवतात. दही लावताना जे घडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. खारातल्या मिरच्या, मिठाच्या पाण्यातले आवळे, बिनतेलाचे लिंबाचे लोणचे यांत ती अधिक होते. तेल, मोहरी आणि मीठ भरपूर असलेल्या कैरीच्या लोणच्यात ती कमी होते. या क्रियेत थोडाफार वायूही तयार होतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

म्हणजे बरणीत आंबट, खारट आणि तेलकट असा तिहेरी पदार्थ वर्षभर बसून असतो. भांड्याची एवढी कठोर परीक्षा दुसरा कुठलाही पदार्थ घेत नाही. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम यांना आम्ल आणि मीठ खाते आणि धातू पदार्थात उतरतो. म्हणून आपल्या आज्या-पणज्या लोणचे या भांड्यांत कधी ठेवत नसत. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण कळकलेले लोणचे त्यांनी पाहिलेले होते.

प्लास्टिक म्हणजे एक वस्तू नव्हे

'प्लास्टिक' या एका शब्दात अनेक पदार्थ येतात. बरणी उलटी करून पाहा. तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने ही खूण १९८८ साली सुरू केली. ती मुळात कचरा वेगळा करण्यासाठी होती, पण गृहिणीलाही तिचा उपयोग आहे.

२ (जाड पॉलिथिन) आणि ५ (पॉलिप्रॉपिलीन) हे खाद्यपदार्थांसाठी त्यातल्या त्यात बरे. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक. ते एकदा वापरण्यासाठी असते, उकळत्या पाण्यात त्याचा आकार बिघडतो. ३ म्हणजे पीव्हीसी. ते मऊ करण्यासाठी त्यात मिसळलेली द्रव्ये तेलात सहज उतरतात, म्हणून लोणच्याला ते नकोच. ७ या आकड्याखाली उरलेली सगळी प्लास्टिके येतात. त्यांतल्या पॉलिकार्बोनेटमध्ये बिस्फेनॉल-ए नावाचे द्रव्य असते आणि त्याचे वागणे थोडेफार स्त्री-संप्रेरकासारखे असते. युरोपात २०११ साली बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यावर बंदी आली आणि २०२४ च्या अखेरीस अन्नाशी संबंध येणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी बंदीचा नियम झाला.

प्लास्टिकमधले काही अंश अन्नात उतरतात, ही गोष्ट खरी. किती उतरतात, ते चार गोष्टींवर ठरते : तेल, आम्ल, उष्णता आणि काळ. तीस रुपयांच्या डब्यात डाळ भरली तर या चारांपैकी एकही गोष्ट जोरात नसते. लोणच्यात चारही असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश उतरता कामा नये, अशी मर्यादा घातली आहे. अन्नासाठीच बनवलेली बरणी या कसोटीला उतरावी लागते. रंगाची बादली, ऑइलचा डबा किंवा रसायनाचा ड्रम यांची अशी परीक्षा कुणीच घेतलेली नसते. आत पूर्वी जे भरले होते, ते प्लास्टिकच्या अंगात मुरलेले असते आणि दहा वेळा धुऊनही पुरते जात नाही. कीटकनाशकाचा डबा तर घरात आणूच नये, मग त्यात काहीही ठेवायचे असो.

आता कॅन्सरविषयी. अन्नासाठी बनवलेल्या चांगल्या बरणीतले लोणचे खाल्ल्याने कॅन्सर होतो, असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा घाबरून घरातले सगळे डबे उकिरड्यावर टाकण्याचे कारण नाही. पण जिथे टाळणे सोपे आहे तिथे टाळावे, हा वैद्यकातला जुना नियम येथेही लागू आहे.

लोणच्याच्या प्रतीचा प्रश्न

प्लास्टिकचा दुसरा दोष आरोग्यापेक्षा चवीचा आहे. काचेतून हवा अजिबात आरपार जात नाही. प्लास्टिकमधून, विशेषतः २ आणि ५ आकड्यांच्या, ती अगदी थोडी थोडी जात राहते. आठवड्याभरात काही बिघडत नाही, पण आठ-दहा महिन्यांत तेल खवट होऊ लागते. शिवाय प्लास्टिक वास आणि रंग धरून ठेवते. आमच्याच घरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एकदा साखर भरली होती. महिनाभर चहाला मेथीचा वास येत होता!

आणखी एक गोष्ट म्हणजे ओरखडे. तारेच्या घासणीने प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्यांत तेल आणि बुरशीचे कण दडून बसतात. नव्या लोणच्याला जुन्याची बुरशी लागते, ती येथून. आतून चरे पडलेली किंवा पांढुरकी झालेली बरणी लोणच्याच्या कामातून बाद करावी.

काचेचे गुण आणि धोके

काच आम्लाला दाद देत नाही, वास धरत नाही आणि धुतली की पुन्हा नव्यासारखी होते. लोणच्यासाठी तिच्याइतके निर्मळ भांडे नाही. पण तिचे दोन धोके आहेत.

पहिला धोका उष्णतेचा. काचेतून उष्णता सावकाश पसरते. उकळते पाणी पडताच आतली बाजू फुगते, बाहेरची मात्र थंडच राहते आणि या ओढाताणीत काच तडकते. जाड काच जास्त टिकाऊ, असा आपला समज असतो. उकळत्या पाण्यापुरती गोष्ट उलटी आहे. काच जितकी जाड, तितका आतबाहेरचा फरक मोठा आणि तडकण्याची भीतीही जास्त.

दुसरा धोका वायूचा. बिनतेलाचे लोणचे किंवा गोड खार काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फिरकीचे झाकण घट्ट लावले, तर आतला वायू कोंडतो. प्लास्टिकची बाटली फुगून इशारा देते. काच फुगत नाही, एकदम फुटते.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडे घरी बिअर आंबवण्याचा छंद पुष्कळांना आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून त्याला परवाना लागत नाही आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने त्याला मोकळीक मिळाली. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी दारू करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो छंद त्यांचा त्यांनाच लखलाभ. पण या मंडळींतही काच की प्लास्टिक हा आपलाच वाद चालतो, हे ऐकून मला मौज वाटली. वीस-वीस लिटरच्या भरलेल्या काचेच्या बाटल्या ओल्या हातांतून निसटून तिकडेही लोकांचे हात-पाय कापले गेले आहेत. म्हणून पुष्कळ जण पहिले आठ-पंधरा दिवस अन्नासाठीच्या प्लास्टिक बादलीत आंबवतात आणि फार दिवस ठेवायचे असेल तेव्हाच काचेकडे वळतात. वायू जावा आणि हवा येऊ नये, म्हणून ते झाकणात पाण्याची एक वाकडी नळी बसवतात.

आपल्याकडे त्या नळीचे काम दादरा करतो. बरणीच्या तोंडाला बांधलेल्या पांढऱ्या कापडातून वायू निघून जातो. धूळ, माशी आणि मुंगी आत येत नाही. कापडातून हवा मात्र आत शिरते, म्हणून फोडी तेलाखाली किंवा खाराखाली बुडालेल्या असल्या पाहिजेत.

चिनी मातीची बरणी

उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावाहून येणारी चिनी मातीची बरणी अनेक घरांत आहे. चांगल्या भट्टीत भाजलेली, आतून गुळगुळीत झिलई असलेली बरणी काचेइतकीच उत्तम. तिच्यात उजेड शिरत नाही, हा वर फायदा. मात्र आतून भडक रंगवलेली, शोभेची किंवा झिलई उडालेली बरणी घेऊ नये. हलक्या झिलईत शिसे असू शकते. आम्ल ते ओढून घेते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. बरणीला टिचकी मारून पाहावी. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तडा आहे असे समजावे.

मग करावे काय?

१. वर्षभराचे लोणचे काचेच्या किंवा चांगल्या चिनी मातीच्या बरणीत ठेवावे. आठ-पंधरा दिवसांत संपणारे अन्नासाठीच्या प्लास्टिकमध्ये ठेवले तरी चालेल. गरम फोडणी मात्र कुठल्याच बरणीत ओतू नये. ती पूर्ण निवू द्यावी.

२. काचेची बरणी साबण आणि कोमट पाण्याने धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी. उकळायचीच असेल तर पातेल्यात तळाशी फडके घालून, बरणी गार पाण्यात बुडवून मग पाणी हळूहळू तापवावे आणि पातेल्यातच निवू द्यावे. हिंगाची धुरी द्यायची असेल तर तीही कोरड्या बरणीलाच.

३. बरणी पाऊण भरावी. पहिले दोन-तीन आठवडे दादरा बांधावा किंवा झाकण सैल ठेवावे. पत्र्याचे झाकण गंजते, ते टाळावे.

४. मोठी बरणी तेलकट हाताने उचलू नये. एका मोठ्या बरणीपेक्षा दोन-दोन किलोच्या तीन बऱ्या. त्या फळीवर नव्हे, खालच्या कप्प्यात ठेवाव्यात.

५. लोणच्यावर केसाळ किंवा रंगीत बुरशी आली, तर वरचा थर काढून बाकीचे खाऊ नये. सगळे टाकावे. जीव तुटतो खरा, पण टाकावे.

६. काचेने हात कापला तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून हात उंच धरावा. रुतलेला तुकडा उपटू नये आणि त्यावर दाब देऊ नये, कडेने दाबावे. हळद किंवा कॉफी भरू नये. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करावी.

आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक शब्द. बरणी कुठलीही असो, आतले मीठ तेच असते. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणच्याची फोड त्या हिशेबात धरावी.

त्या लोणचेवाल्या बाई गेल्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. आता त्या लहान बरण्यांत लोणचे भरतात, जड कामे थोरली मुलगी करते. जाताना त्यांनी कैरीच्या लोणच्याची एक बरणी टेबलावर ठेवली. पैसे देऊ केले तर घेईनात. म्हणाल्या, "डॉक्टर, रिकामी झाली की गरम पाण्याने धुऊ नका बरं!" मी मुकाट्याने मान हलवली.