कोळसा आधी संपेल की तुमचं कर्ज?



मागच्या महिन्यात चंद्रपूरला आपलं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. जेवणाच्या सुट्टीत घुग्घुसकडची एक ताई थांबली. खाणीवरच्या ड्रायव्हर आणि कामगारांसाठी तिला मेस टाकायची होती. मुद्रा लोनची कागदपत्रंही तयार होती. म्हणाली, "सर, सगळे म्हणतात कोळसा आता बंद होणार. मग पैसे टाकू की नको?"

मी घाईत होतो. "बघा विचार करून" एवढंच बोललो. ते काही उत्तर नव्हतं. आज नीट देतो.

मोठे लोक काय करताहेत?

रिओ टिंटो या जगातल्या मोठ्या खाण कंपनीने २०१८ मध्ये आपली शेवटची कोळसा खाण विकली. अँग्लो अमेरिकनने २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कोळसा खाणी वेगळ्या कंपनीत काढल्या. ग्लेनकोरने मात्र २०२४ मध्ये भागधारकांना विचारलं आणि कोळसा स्वतःकडेच ठेवला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. रिओ टिंटोने खाण विकली म्हणजे ती बंद झाली नाही, फक्त मालक बदलला. म्हणून "अमुक कंपनी कोळशातून बाहेर पडली" अशी बातमी वाचून लगेच घाबरायचं नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडच्या बऱ्याच खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे कोल इंडियाच्या नागपूरवाल्या कंपनीच्या. बल्लारपूर, माजरी, वणी, सगळीकडे तिचं काम आहे. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, तेही कोळशावरच चालतं. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला सांगितलं की २०७० पर्यंत नेट झिरो करू. आणि त्याच भारतात २०२४-२५ मध्ये कोळशाचं उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या वर गेलं.

म्हणजे कोळसा उद्या बंद होत नाही. पण देशाचा कोळसा वेगळा आणि तुमच्या मेससमोरची खाण वेगळी. देशात अजून कित्येक वर्षं कोळसा निघेल, पण तुमच्या समोरची खाण आठ वर्षांत रिकामी होऊ शकते. चंद्रपूरच्या वीज केंद्रातही २१० मेगावॉटचे दोन जुने संच बंद झाले आणि ५०० मेगावॉटचे दोन नवे उभे राहिले. केंद्र तेच, पण आतलं बदललं.

वरोऱ्याचंच बघा ना. तिथली कोळसा खाण इंग्रजांच्या काळातली, १९०६ मध्ये बंद झाली. वरोरा गाव आजही उभं आहे, कारण गावाला शेतीचा बाजार होता, रेल्वे होती. पण ज्या दुकानदाराचं गिऱ्हाईक फक्त खाण होती, त्याचं काय झालं असेल?

माझं काय झालं?

ते मला माहीत आहे, कारण माझं तसंच झालं. आलापल्लीला माझं हार्डवेअरचं दुकान. तिसऱ्या वर्षी एक ठेकेदार मिळाला. दर आठवड्याला माल उचलायचा, महिन्याने पैसे द्यायचा. माझ्या विक्रीतला ७० टक्के माल एकट्या त्याला जायचा. मी खुश. बीबीए केलेला माणूस, पण छोट्या गिऱ्हाइकाकडे बघायचं सोडलं होतं. एक दिवस त्याचं काम संपलं आणि मशिनी दुसऱ्या साइटवर गेल्या. माझे १ लाख ८० हजार अडकले. बायकोचे दागिने गहाण ठेवून मी होलसेलवाल्याचे पैसे फेडले. त्यात ठेकेदारापेक्षा माझी चूक मोठी होती. त्याचं काम किती महिन्यांचं आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग ताईने काय करायचं?

१. खाणीचं वय विचारा. खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या कागदात उत्पादन किती आणि खाण किती वर्षं चालणार, हे लिहिलेलं असतं. मंजुरीची पत्रं परिवेश या सरकारी वेबसाइटवर मिळतात. जनसुनावणी असेल तर अहवालाचा सारांश मराठीत असतो, जिल्हाधिकारी कार्यालयात बघता येतो. सोबत जुन्या कामगारांनाही विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

२. कर्जाची मुदत खाणीच्या उरलेल्या वयाच्या निम्मी ठेवा. खाण दहा वर्षं चालणार असेल, तर कर्ज पाच वर्षांत संपलं पाहिजे.

३. निम्मं गिऱ्हाईक खाणीबाहेरचं ठेवा. खाणीवर ३० डबे जात असतील, तर ३० डबे शाळा, बँक, बसस्टँडकडे गेले पाहिजेत. जागा भाड्याने घ्या. पैसा शेगडी-भांड्यांत घाला, उद्या टेम्पोत टाकून नेता येईल असा.

अजून एक. खाण कंपन्यांना आता पर्यावरणाचीही कामं करावी लागतात. वेस्टर्न कोलफिल्ड्स खाणीवरच्या मातीतून वाळू काढते, खाणीतलं पाणी शुद्ध करून बाटलीत भरते, मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावते. झाडं लावायची तर रोपं लागतात, पाणी घालायला माणसं लागतात. नर्सरीवाल्यांनी तिकडे चौकशी करावी.

हे फक्त कोळशावाल्यांसाठी नाही. आपलं आलापल्ली सागवानावर वाढलं. आज रस्त्याने सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जातात. धूळ, रस्ता, जंगल यावर गावात मतं वेगवेगळी आहेत, ती असणारच. पण टायरचं दुकान, हॉटेल, भाड्याच्या खोल्या रोज नव्या निघताहेत. जंगल राखलं तर सागवान पुन्हा वाढतं. खनिज एकदा काढलं की संपलं.

आज रात्री वहीत तीन ओळी लिहा: माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, ते किती वर्षं राहणार, आणि उद्या गेलं तर माझा हप्ता कोण भरणार. तिसऱ्या ओळीत नाव सुचलं नाही, तर लोन घेण्याआधी थांबा.

ताई, तुम्ही वाचत असाल तर मेस टाका. पण आधी खाणीचं वय विचारून या.