हरिणांचें कुरण: काय पेरावें, काय पेरूं नये



गुरांसाठीं वैरण पेरावी लागते, हें कोणाहि शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु रानांत स्वैर हिंडणाऱ्या हरिणांसाठींहि चाऱ्याची निवड करावी लागते व त्यासाठीं जमीन राखावी लागते, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ज्याचा हातीं आलेला हरभरा चितळांच्या कळपानें एका रात्रींत फस्त केला असेल, त्याला तर ही आपली थट्टाच चालली आहे असें वाटेल. पण त्या शेतकऱ्याचें हित आणि हरिणांचें हित हीं एकमेकांच्या आड येणारीं नाहींत. रानांतील कुरण नीट निवडलें तर दोन्ही साधतात, आणि चुकीचें निवडलें तर दोन्ही बुडतात. हें कसें, तें आज आपल्याला पाहावयाचें आहे.

हरिणांसाठीं मुद्दाम पेरणी करण्याची प्रथा अमेरिकेंत चांगलीच रूढ आहे. तेथें पांढऱ्या शेपटीचें हरीण विपुल आढळतें. जमिनीचे मालक रानाच्या कडेला लहान लहान तुकडे नांगरून त्यांत क्लोव्हर, चिकोरी, ओट, सलगम असलीं पिकें घेतात. थंडीचा कडाका पडला कीं सलगमाच्या पानांना गोडी येते व पुढें बर्फाच्या दिवसांत हरिणें तीं आवडीनें खातात. या पेरणीचा हेतु बहुधा शिकारीचा असतो. हरीण ठराविक जागीं यावें, एवढेंच पेरणाऱ्यास हवें असतें. आपल्याकडे १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें हरिणांची शिकार बंद झाली. तेव्हां हरिणाला ओढून कसें आणावें हा आपला प्रश्न नव्हे. तें रानांतच कसें टिकून राहील, हा आपला प्रश्न आहे. प्रश्न बदलला कीं उत्तरहि बदलतें. म्हणून तिकडच्या बियाण्यांची यादी जशीच्या तशी आपल्या उपयोगाची नाहीं.

विदर्भांत व त्याच्या शेजारच्या प्रदेशांत हा प्रश्न प्रत्यक्ष हातीं घ्यावा लागला आहे. १९७३ सालीं व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हां त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतें आणि मध्य प्रदेशांतील कान्हाहि होतें. पुढें अशा राखीव रानांतून कांहीं गांवें बाहेर वसविण्यांत आलीं. चालू शतकाच्या आरंभीं मेळघाटांतून बोरी, कोहा व कुंड, आणि २००७ पासून पुढें ताडोबांतून बोटेझरी, नवेगांव व जामणी हीं गांवें उठलीं. पिढ्यान् पिढ्या कसलेलीं शेतें, विहिरी आणि देवांचीं ठाणीं मागें ठेवून तीं माणसें निघालीं. त्यांच्या मोकळ्या शेतांचें पुढें काय होतें? नांगर थांबला कीं दोन-तीन पावसाळ्यांतच तेथें तरोटा माजतो. यालाच इतरत्र टाकळा म्हणतात. कडेनें घाणेरी आणि रानतुळस पुढें सरकत येते. दुरून सारें हिरवेंगार दिसतें. पण हरीण यांपैकीं कशालाहि सहसा तोंड लावीत नाहीं. माणसांनीं घरें सोडलीं आणि त्या जागीं तरोटा उगवला, तर त्यांचा त्याग मातींत गेला असें म्हणावें लागेल. तेथें चांगलें कुरण उभें राहिलें, तर हरिणें वाढतील, वाघाला रानांतच भक्ष्य मिळेल, आणि नव्या गांवच्या शेतांची धूपहि वाचेल. येथें धूप म्हणजे मातीची नव्हे, पिकाची.

काय पेरावें हें ठरविण्यापूर्वीं हरिणाचें पोट कसें चालतें हें समजून घेतलें पाहिजे. हरीण हें गाईप्रमाणेंच रवंथ करणारें जनावर आहे. त्याच्या जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जीव असतात. तेच चारा आंबवून पचनास योग्य करतात. या सूक्ष्म जीवांनाहि अन्न लागतें. चाऱ्यांतील प्रथिनांचें प्रमाण शेंकडा सुमारें ७ च्या खालीं गेलें, कीं त्यांचें काम मंदावतें. मग खाल्लेला चारा पोटांत अडून राहतो आणि जनावर आणखी खाईनासें होतें. आतां आपलें रानगवत पाहा. श्रावणांत तें कोवळें असतां हें प्रमाण ७ ते १० पर्यंत असतें. तेंच गवत बीं धरून वाळलें कीं २ ते ४ वर उतरतें. म्हणजे गुडघाभर वाळल्या गवतांत उभें असलेलें हरीण अर्धपोटीं असूं शकतें!

येथेंच शेतकऱ्याच्या दुःखाचें मूळ आहे. कार्तिक संपतां संपतां रानांतील गवत वाळूं लागतें, आणि नेमक्या त्याच वेळीं रानाच्या कडेच्या शेतांत रब्बीचा हरभरा व गहूं कोवळा, हिरवा, रसाळ असा उभा असतो. हरिणानें काय करावें? म्हणून कुरणाची खरी कसोटी पावसाळ्यांत होत नाहीं. आषाढांत कोठलेंहि रान हिरवें असतें. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत जें कुरण हरिणाच्या पोटाला कांहीं देऊं शकतें, तेंच निवडीस योग्य.

दुसरी गोष्ट, सर्व हरिणें एकाच ताटांत जेवीत नाहींत. कान्ह्यांतील बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो. चितळ मुख्यतः गवत खातें, पण गवत वाळलें कीं पाला, गळलेलीं फुलें व फळें यांकडे वळतें. सांबराचा पाल्यावर व झुडपांवर अधिक भर असतो आणि तें झाडीच्या आश्रयानेंच चरणें पसंत करतें. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञानें १९६३ ते १९६५ या काळांत कान्हा येथें राहून या जनावरांच्या खाण्याचें बारकाईनें निरीक्षण केलें व १९६७ सालीं तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. हरीण व वाघ यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हें त्या ग्रंथानें ठसविलें. सांगावयाचें तात्पर्य असें, कीं ज्या रानांत ज्या जातीचें हरीण आहे तिच्या तोंडाकडे पाहूनच कुरण योजावें.

आतां प्रत्यक्ष गवतांकडे वळूं. दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं भारतांतील गवताळ प्रदेशांचे पांच मुख्य प्रकार सांगितले. त्यांत आपलें पठार पवना व मारवेल यांच्या प्रकारांत मोडतें. हीं दोन्ही गवतें बहुवर्षायु आहेत. एकदां मूळ धरलें कीं दरवर्षीं पेरावीं लागत नाहींत. भारी काळ्या जमिनींत मारवेल उत्तम येतो. तो चराई सोसतो आणि खुंटून पुन्हां फुटतो. मुरमाड, हलक्या जमिनींत पवना चांगला. उतारांवर डोंगरी गवत माती धरून ठेवतें. सखल, ओलसर काळ्या जमिनींत मुशान येतें. पाणवठ्याच्या आसपास हरळी राहूं द्यावी. ती जितकी खुरडावी तितकी पसरते, आणि ओल असेपर्यंत हिरवी राहते. या सर्वांच्या जोडीला रानमुगासारख्या शेंगवर्गीय वेली असाव्यात. त्यांच्या पाल्यांत प्रथिनें अधिक असतात आणि त्यांच्या मुळांवरील गांठी जमिनीला नत्र पुरवितात.

कांहीं गवतांविषयीं सावध असावें. कुसळी पावसाळ्याच्या आरंभीं कोवळी असतां खाल्ली जाते. परंतु फुलोऱ्यानंतर तिचीं टोंकदार कुसळें जनावराच्या तोंडांत व कातडींत रुततात. रोशा गवताचें सुगंधी तेल प्रसिद्ध आहे. पण त्या वासामुळेंच जनावरें तें टाळतात. चांगल्या गवतावर चराईचा भार फार पडला, कीं हीं न खाल्लीं जाणारीं गवतें आपोआप बळावतात. म्हणून कुरणांत कुसळी व रोशा वाढूं लागला, तर तें कुरण थकल्याचें लक्षण समजावें.

याउलट, लवकर हिरवें दिसावें म्हणून शेतांतील पिकें रानांत पेरण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ज्वारीचेंच उदाहरण घ्या. पावसाच्या ताणानें खुरटलेली अथवा कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी गुरांना विषारी ठरते, हा अनुभव आपल्या शेतकऱ्यांना जुना आहे. त्या पाल्यांतून पोटांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतें. हरीणहि रवंथ करणारेंच जनावर आहे. लसूणघास पौष्टिक खरा, पण त्याला बारमाही पाणी हवें, आणि तो भुकेल्या पोटीं भरमसाट खाल्ला गेल्यास पोटफुगी होते. सुबाभळीच्या पाल्यांत मिमोसीन नांवाचें अपायकारक द्रव्य असतें. शिवाय ती एकदां रानांत शिरली कीं हटत नाहीं. हरभऱ्याचें तर नांवच काढूं नये. रानाच्या मध्यावर हरभरा पेरणें म्हणजे कळपाला त्याची चव लावून मग सीमेवरच्या शेताकडे धाडणें होय.

कुरण म्हणजे केवळ गवत नव्हे. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें गळतात, थंडींत बोरें व आंवळे पडतात; ज्या दिवसांत गवत निःसत्त्व असतें, त्याच दिवसांत हीं झाडें हरिणांना आधार देतात. वानरें झाडावर बसून पाला व फळें अर्धवट खाऊन खालीं टाकतात आणि चितळांचा कळप तें वेंचीत असतो, हें दृश्य विदर्भांतील रानांत नेहमींचें आहे. म्हणून जुन्या शेतांच्या बांधांवरील मोह, बोर, आंवळा हीं झाडें कुरण मोकळें करण्याच्या भरांत तोडूं नयेत.

हें सारें घडवून आणण्यास कष्ट पडतात. तरोटा बीं धरण्यापूर्वीं, म्हणजे भाद्रपदाच्या आंत उपटावा. एकदां बीं सांडलें कीं पुढील कित्येक वर्षें त्याचा त्रास सुटत नाहीं. घाणेरी वरून छाटली तर चौपट फुटते. ती मुळाच्या मानेखालीं तोडून उलटी टाकावी. चांगल्या गवताचें बीं जवळच्याच रानांतून आश्विन-कार्तिकांत गोळा करावें. तें हलकें व केसाळ असल्यानें वाऱ्यानें उडतें व मुंग्या नेतात. म्हणून माती व शेण यांत कालवून त्याच्या गोळ्या कराव्यात आणि मृगाच्या तोंडावर जमिनीच्या पृष्ठावरच टाकाव्यात. खोल पुरलेलें बीं उगवत नाहीं. मारवेलाचीं ठोंबें आषाढांत लावलीं तर तीं अधिक खात्रीनें जगतात. पहिलें वर्ष त्या तुकड्याला कुंपण हवें; मूळ धरण्यापूर्वींच हरिणें शिरलीं, तर सारा खटाटोप व्यर्थ. हें काम उठून गेलेल्या गांवच्या माणसांच्या हातून व्हावें, हें उत्तम. त्या मातीची ओळख त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला आहे?

वाळलें गवत जाळलें कीं कोवळा फुटवा येतो व चितळें त्यावर तुटून पडतात, हें खरें. परंतु दरवर्षीं सर्वच रान जाळणें घातक. आगीला न जुमानणारीं राठ गवतेंच मग उरतात. कान्ह्याच्या बारशिंग्याची कथा या बाबतींत बोलकी आहे. १९३८ सालीं तेथें बारशिंगे सुमारें ३,००० असावेत असा अंदाज होता. १९७० सालीं केवळ ६६ उरले. शिकार, गुरांची चराई व वारंवारची आग यांनीं उंच गवत नाहींसें झालें होतें, आणि बारशिंग्याची मादी आपलें पाडस उंच गवतांतच दडवून ठेवते. १९६९ पासून तेथील गांवें हलविण्यांत आलीं, कुरणें विसांवलीं, आगीवर नियंत्रण आलें, कांहीं बारशिंगे कुंपणांत राखले गेले. आणि आज त्यांची संख्या हजाराच्या घरांत पोंचली आहे. गवत हें नुसतें अन्न नव्हे, तें घरहि आहे, हा धडा त्यांतून घ्यावयाचा. म्हणून कुरणाचा कांहीं भाग खुरटा, कांहीं उंच, असा आळीपाळीनें राखावा.

शेवटीं जागेविषयीं. कुरण रानाच्या गाभ्यांत, पाण्याच्या टप्प्यांत असावें. शेतांच्या सीमेला मुळींच नसावें. एक विस्तीर्ण पटांगण करण्यापेक्षां झाडीच्या अधूनमधून अनेक लहान कुरणें बरीं. सारीं हरिणें एकाच जागीं गोळा झालीं कीं रोगाला वाट मिळते. अमेरिकेंत १९६७ सालीं कोलोरॅडो राज्यांत प्रथम दृष्टीस पडलेला हरिणांचा क्षयकारी मेंदुरोग लाळेवाटे व मूत्रावाटे पसरतो. त्यामुळें तेथील अनेक राज्यांनीं हरिणांना एके जागीं खाऊं घालण्यावर निर्बंध घातले आहेत.

आपली निवड बरोबर ठरली कीं नाहीं हें कसें ओळखावें? कुरणांत दोन-चार हात लांबरुंद असा एक चौकोन कुंपण घालून सोडावा. वैशाखांत कुंपणाच्या आंतील व बाहेरील गवत ताडून पाहावें. दोन्हीकडे सारखेंच असेल, तर हरिणांनीं तें गवत नाकारलें. बाहेर माती उघडी पडली असेल, तर भार फार झाला. बाहेरचें गवत खुडलेलें, पण ठोंब जिवंत असेल, तर निवड योग्य समजावी. आणि याहून मोठी कसोटी पाहावयाची असेल, तर माघांतल्या रात्रीं सीमेवरच्या गांवांत जावें. माचाणावर बसून डबे वाजवणारा शेतकरी जर घरीं निजावयास गेलेला आढळला, तर रानांतलें कुरण साधलें असें खुशाल म्हणावें.