कपाट करून घेताय? आधी खोली नीट मोजा!

मुरार ही जुनी छावणी. 1886 साली इंग्रजांनी ती शिंद्यांना परत दिली. इथल्या जुन्या घरांच्या जाड भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. म्हणून एकाच मापावर विसंबू नका.

📏 रुंदी तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर, छताजवळ. सर्वांत कमी येईल तेच माप धरा. उंचीही तशीच: डावीकडे, मध्ये, उजवीकडे.

📐 कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर, दुसरीवर 4 फुटांवर खूण करा. दोन खुणांत नेमके 5 फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे.

🔩 टेपच्या टोकाची पट्टी हलते, तो दोष नव्हे! आतून आणि बाहेरून मोजताना तिच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ती मुद्दाम सैल ठेवतात. ठोकून घट्ट करू नका.

🚪 स्कर्टिंग, स्विचबोर्ड, दारं-खिडक्या उघडायला लागणारी जागा आणि जिन्याचं वळणही टिपून ठेवा.

✍️ मिस्त्री सुतात बोलतात: 8 सूत म्हणजे 1 इंच. कागदावर मात्र एकच एकक ठेवा, मिलिमीटर उत्तम.

प्लाय कापण्याआधी मिस्त्रींसोबत सगळी मापं पुन्हा एकदा ताडून घ्याच!