नत्राला नाही म्हणता न येणारी रोपं

बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यातल्या परागणाची दोन उदाहरणं हमखास येतात, व्हॅलिसनेरिया आणि झॉस्टेरा. पहिली गोड्या पाण्यातली, लांबट पट्टीच्या पानांची. घरगुती मत्स्यालयांतही ती दिसते. दुसरी समुद्राच्या उथळ पाण्यातली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक खाडीत या दोघींच्या भाऊबंदांची मोठमोठी कुरणं होती. खेकड्यांची पिल्लं त्यांत लपत. कॅनव्हासबॅक नावाचं बदक तर व्हॅलिसनेरियाचे कंद इतक्या आवडीनं खाई, की त्याच्या शास्त्रीय नावातच ही वनस्पती आली. 1970च्या दशकात ही कुरणं झपाट्यानं विरळ झाली. जून 1972मधल्या ॲग्नेस वादळानं मोठा तडाखा दिला हे खरं; पण पाणी त्याआधीच बिघडत चाललं होतं. सहा राज्यांतल्या शेतांचं नत्र, शिवाय सांडपाणी आणि कोंबडीखत, या एकाच खाडीत उतरत होतं.

शेतातलं नत्र पाण्यात जातं कसं? युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र असतं. टाकल्यावर आठवड्याभरात पिकाला काळोखी येते, म्हणून हात सैल सुटतो. पण अनेकदा त्यातलं निम्मंसुद्धा पिकाला लागू पडत नाही. जमिनीतले जिवाणू युरियाचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. जोराचा पाऊस झाला की ते निचऱ्यासोबत ओढ्याला मिळतं.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं, तळाच्या रोपांचा उजेड तुटतो. पानांवरही शेवाळाचा थर चढतो. पण सगळा दोष शेवाळाच्या माथी मारून चालत नाही, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1992मध्ये जोॲन बर्कहोल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलिनात झॉस्टेराची रोपं हौदांमध्ये वाढवून पाण्यात नायट्रेट घातलं. रोपं खंगली. पानं जिथून फुटतात तो बुंध्याचा भागच ठिसूळ होऊन ढासळला. शेवाळानं उजेड अडवला म्हणून हे झालं नव्हतं.

झॉस्टेरा ज्या समुद्रात घडली तिथं नायट्रेट दुर्मीळ. मिळेल तेवढं, मिळेल तेव्हा घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक. रात्रीसुद्धा तिचं शोषण चालू राहतं. पोट भरलं तरी पंगतीत आग्रहानं वाढतच राहावं, तसं नत्र तिच्या पेशींत येत राहतं. ते नुसतं साठवून भागत नाही. नायट्रेटचं अमोनियम करायला ऊर्जा लागते. अमोनियम पेशीला विषारी, म्हणून ते ताबडतोब अमिनो आम्लांत गुंतवावं लागतं, आणि त्याला लागणारा कार्बन रोपाच्या साखरेतून येतो. मुळांसाठी, नव्या पानांसाठी, हिवाळ्यासाठी राखलेली साखर अशी नत्र निस्तरण्यातच संपते.

गोड्या पाण्यातल्या रोपांना थेट अमोनियमही सोसावं लागतं. त्यात शेवाळाची आणखी एक करामत असते. भर उन्हात दाट शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पाण्याचा सामू चढतो. सामू 7 असताना, 25 अंश तापमानाला, अमोनियममधला एक टक्काही अमोनिया वायूच्या रूपात नसतो. सामू 9 झाला की हा वाटा एक तृतीयांशाच्या वर जातो. हा अमोनिया पेशीच्या पापुद्र्यातून सहज आत शिरतो. सकाळी सोसवणारं पाणी दुपारी घातक ठरू शकतं.

चेसापीकमध्ये सांडपाण्याची केंद्रं सुधारली. मेरीलँड राज्य शेतकऱ्यांना पैसे देऊन हिवाळ्यात राय-गव्हासारखी आच्छादन पिकं घ्यायला लावतं, म्हणजे मक्यानं मागं ठेवलेलं नत्र मुळं उचलून घेतात. आपल्याकडचा कृषी सल्लाही याच जातीचा आहे: युरिया हप्त्याहप्त्यानं द्या, वापसा बघून द्या, मातीआड करा. तिथं 1984पासून खाडीतलं नत्र 23 टक्क्यांनी घटलं आणि सुमारे 17,000 हेक्टरवर पाणवनस्पती परतल्या, असं 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सस्कुहाना नदीच्या मुखाजवळच्या उथळ पाण्यात व्हॅलिसनेरियाचं कुरण पुन्हा उभं राहिलं. 2011च्या ली वादळानं त्याचा मोठा भाग नेला, तरी मधला दाट पट्टा टिकला.

दक्षिणेकडच्या खाऱ्या पाण्यात झॉस्टेरा मात्र तशी सावरलेली नाही. तिथलं पाणी तापत चाललं आहे. उष्णतेनं रोपाचं श्वसन वाढतं आणि तेही त्याच शिलकी साखरेवर चालतं. तिनं सोडलेल्या बऱ्याच जागेत आता रुपिया नावाचं उष्णता सोसणारं पाणगवत पसरतं आहे.