जमीन कोणाच्या नावावर?

सकाळी ६.३०

पेपर आला की मी आधी जाहीर नोटिसांचं पान उघडते. पुण्याच्या पेठांमध्ये आणि डेक्कन, एरंडवण्यासारख्या जुन्या भागांत घर घेणाऱ्यांसाठी मालकी हक्काचा शोध घेणं, बोलीत ‘सर्च काढणं’, हे माझं वकिलीतलं काम आहे. अमुक पेठेतली सदनिका आमचे अशील विकत घेणार आहेत, कोणाचा हक्क किंवा बोजा असेल तर मुदतीत कळवा, असा मजकूर त्या पानावर असतो. कधी त्याच्या उलटही छापून येतं: वडिलोपार्जित वाडा भावाने परस्पर विकायला काढला आहे, कोणी व्यवहार करू नये. हातातल्या फायलींपैकी एखादीचा सिटी सर्व्हे नंबर तिथे दिसला, तर त्या दिवशीची बाकीची कामं मागे पडतात.

आज माझीच नोटीस आली आहे, सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या-किचनच्या सदनिकेची. घेणारं जोडपं वाकडला भाड्याने राहतं. मुलीची शाळा, आईचा दवाखाना, मंडई आणि नाटकं सगळं पायी गाठता यावं, म्हणून त्यांना पेठेतच घर हवं आहे. २०२४ मध्ये मंडई आणि कसबा पेठ ही मेट्रोची स्थानकं सुरू झाल्यापासून अशी चौकशी करणारी बरीच तरुण मंडळी माझ्याकडे येतात.

सकाळी ८

जुन्या इमारतीत सकाळी आठला जावं. नळाला पाणी आहे का, गाड्या कुठे आणि कशा लावल्या आहेत, हे तेव्हाच खरं कळतं. एजंट दुपारी फ्लॅट दाखवतो, तेव्हा पार्किंग रिकामं असतं.

ही इमारत सत्तरच्या दशकातली आहे, तीन मजली, लिफ्ट नसलेली. मी आधी तळमजल्यावरचे कॉलम बघते. प्लॅस्टर फुगलं असेल, भेगेतून गंजाचा तांबूस डाग उतरला असेल, तर आतली सळई खराब झाल्याची ती खूण असते. मग गच्ची, पाण्याची टाकी आणि शेवटी सेक्रेटरींचं घर. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. मी शेवटचा अहवाल मागते. सेक्रेटरी तो शोधून देतात, ही जमेची बाजू.

जिन्यात समोरच्या काकू थांबवतात. “अगं, तू वकील ना? त्यांच्या आईला मी चाळीस वर्षं ओळखत होते. दोघी मुलींना विचारलंय का त्याने?”

विकणाऱ्या गृहस्थांनी मला बहिणींबद्दल काहीच सांगितलेलं नाही. जुन्या वस्तीचं हे मोठं बळ आहे. कोणाच्या घरात कोण जन्मलं, कोण कुठे गेलं, हे तिथल्या माणसांना माहीत असतं. नव्या टॉवरमध्ये शेजाऱ्याचं आडनाव ठाऊक नसतं.

सकाळी १०.३०

नगर भूमापन कार्यालय. इथे मिळकत पत्रिका मिळते, तिलाच सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. जमिनीचं क्षेत्र, सत्ता प्रकार, धारकाचं नाव आणि वेळोवेळी झालेले फेरफार तिच्यावर असतात. सदनिका घेणारे बहुतेक लोक हा कागद मागतच नाहीत, कारण आपण फ्लॅट घेतोय, जमीन नाही, असं त्यांना वाटतं.

आजच्या कार्डावर धारक म्हणून जुन्या वाडामालकाचंच नाव आहे. वाडा पाडला, इमारत उभी राहिली, सोसायटी नोंदली गेली, पण जमिनीचं खरेदीखत सोसायटीच्या नावाने झालंच नाही. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे मोफा, १९६३चा. सोसायटी स्थापन झाल्यावर साधारण ४ महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देणं या कायद्यानुसार बिल्डरवर बंधनकारक आहे. पेठांत ते कित्येक ठिकाणी राहून गेलेलं दिसतं.

याचा फटका पुनर्विकासाच्या वेळी बसतो. जमीन मूळ मालकाच्या नावावर असली की त्याचे वारस पुढे येतात आणि वाढीव बांधकामाच्या हक्कात वाटा मागतात. सभासदांचं एकमत होऊनही काम वर्षानुवर्षं अडतं. यावर उपाय आहे. २००८च्या दुरुस्तीने मोफात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आली. मालक किंवा बिल्डर सही करत नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते, सुनावणी होते आणि आदेशाच्या आधारे खरेदीखत नोंदवता येतं. ही सोसायटी असा अर्ज करायला तयार आहे का, हे मला आजच विचारायचं आहे.

दुपारी १२

दुय्यम निबंधक कार्यालयात मागच्या ३० वर्षांचा शोध. पुण्यात या कार्यालयांना ‘हवेली’ आणि पुढे क्रमांक अशी नावं आहेत. अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, संगणकावर सापडते. त्याआधीच्या नोंदी जाड बाडांत हाताने लिहिलेल्या असतात. एकेक वर्ष उलटत जायचं: खरेदी, गहाण, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. वाड्यांचे फार जुने कागद मोडीत असतात, त्यांना मोडी वाचणारा जाणकार लागतो. १९६१च्या पानशेतच्या पुरात कागद भिजले किंवा वाहून गेले, असं सांगणारी कुटुंबंही नदीकाठच्या पेठांत भेटतात. त्यांच्या बाबतीत सरकारी दप्तरातल्या नकलाच जोडत जाव्या लागतात.

आजच्या सदनिकेवर बोजा नाही. विकणाऱ्या गृहस्थांच्या आईंनी ती थेट बिल्डरकडून घेतली होती आणि तो करार नोंदलेला आहे.

दुपारी ३

चेंबरमध्ये जोडपं आणि विकणारे काका. काका शेअर सर्टिफिकेट पुढे करतात.

“आईने मला नॉमिनी केलं होतं. सोसायटीने माझं नाव लावलंय. आता अजून काय लागतं, मॅडम?”

“काका, नॉमिनीने सोसायटीचं काम चालतं. मालकी वारसांची असते. आईंचं मृत्युपत्र आहे?”

“नाही.”

“मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमचा आणि दोन्ही बहिणींचा सारखा हिस्सा आहे. वडील नाहीत म्हणून तिघांचाच.”

ते थोडा वेळ गप्प राहतात. मग सांगतात की एक बहीण नाशिकला असते, दुसरी अमेरिकेत, आणि दोघींची काही तक्रार नाही. मला त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण तोंडी होकारावर कोणाचं आयुष्यभराचं कर्ज उभं राहू नये. नाशिकच्या ताई इथे येऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही करतील. अमेरिकेतल्या ताई तिथल्या नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शासकीय शिक्का, घेतील. ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. त्या स्वतः विक्रेत्या म्हणून सही करणार असतील, तर अनिवासी म्हणून टीडीएसचा हिशेब वेगळा होतो आणि रक्कमही बरीच जास्त कापली जाते. त्यामुळे कोणता मार्ग घ्यायचा, हे तिघा भावंडांनी आधी ठरवायला हवं.

मुलीची आई विचारते, “ताई, तोवर टोकन देऊन ठेवू का? दुसरं कोणी घेईल.”

“देऊ नका. बहिणींच्या सह्या झाल्या की द्या. काकांनी तोवर थांबायचं लेखी दिलं तर उत्तम.”

काका तिथेच तसं लिहून देतात.

संध्याकाळी ५

दुसरे अशील शनिवार पेठेत जुन्या इमारतीतली सदनिका घेऊ पाहतात, लवकरच नवी इमारत होईल या आशेवर. मी त्यांना नकाशा दाखवते. शनिवारवाडा संरक्षित स्मारक आहे. स्मारक संरक्षण कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते. त्यांची इमारत पहिल्या पट्ट्यात आहे. राहायला हे घर चांगलं आहे, पण नव्या इमारतीच्या आशेपोटी जास्त दर देऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. नदीकाठी घेणाऱ्यांना मुठेची निळी आणि लाल पूररेषाही बघायला लावते. जुलै २०२४ मध्ये नदीकाठच्या पुलाच्या वाडीत पाणी शिरलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे.

मग एक फोन येतो, कसब्यातल्या वाड्यातली पागडीची खोली स्वस्तात मिळतेय म्हणून. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेण्या-देण्याला मान्यता दिली, पण पैसे देऊनही तुम्ही भाडेकरूच राहता. घरमालकाची लेखी संमती लागते आणि गृहकर्ज मिळणं कठीण असतं. मालकी हवी असेल, तर ही वाट तुमची नाही.

संध्याकाळी ७

सदाशिव पेठेच्या जोडप्यासाठी खर्चाचा कागद. समजा किंमत १ कोटी आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक आणि मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ७ लाख. घर फक्त पत्नीच्या नावे घेतलं तर ६ लाख. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलं तर ही सवलत मिळत नाही. नोंदणी फी कमाल ३०,०००. सोसायटीचा हस्तांतरण अधिमूल्य आकार २५,००० पेक्षा जास्त नको. ‘देणगी’ म्हणून त्यापुढे मागितलं तर ते देणं बंधनकारक नाही. स्वतः राहणार असाल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज भरा, मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते.

रात्री ९.३०

सर्च रिपोर्ट लिहिते. निष्कर्ष: दोन्ही बहिणींच्या सह्या झाल्यानंतर सदनिका घ्यायला हरकत नाही. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा ठराव करावा आणि त्याची प्रत करारनाम्याला जोडावी.

जुन्या वस्तीतलं घर घेण्यासारखंच असतं. तिथे जोडीला चालण्याजोगं शहर आणि ओळखदेख असलेली माणसं मिळतात. पण तिथे तुम्ही चार भिंतींबरोबर मागच्या दोन-तीन पिढ्यांचे राहून गेलेले व्यवहारही विकत घेता. म्हणून खिडकीतून दिसणारं झाड आवडलं, तरी आधी दोन प्रश्न विचारा: जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि वारस किती आहेत? दोन्ही उत्तरं कागदावर मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.