विश्लेषण : गेम अडखळतोय? दोष लॅपटॉपचा, इंटरनेटचा की उष्णतेचा?

गेम सुरू केल्यावर पहिली २० मिनिटे सगळे सुरळीत चालते. मग ऐन चकमकीत चित्र थबकते, पंखा घरघरू लागतो आणि चित्र पुन्हा हलेपर्यंत खेळाडू बाद झालेला असतो. ‘लॅपटॉप जुना झाला’ किंवा ‘रॅम कमी पडते’ असे निदान लगेच होते आणि काही हजारांचा खर्च ठरतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष भलतीकडेच असतो. तो शोधायचा कसा?

लॅग आणि अडखळणे यांत फरक काय?

बोलताना दोन्हींना ‘लॅग’च म्हटले जाते, पण आजार वेगळे, औषधेही वेगळी. लॅग हा इंटरनेटचा विलंब. खेळाडूने दिलेली आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो वाढला की चित्र गुळगुळीत हलते, पण प्रतिस्पर्धी उड्या मारत पुढे सरकतात, गोळी उशिरा लागते.

अडखळणे मात्र लॅपटॉपच्या आत घडते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. एखाद्या फ्रेमला १०० मिलिसेकंद लागले तर झटका डोळ्यांना जाणवतो. पण त्या सेकंदाचा आकडा ५५ फ्रेमच्या आसपासच राहतो. म्हणून ‘फ्रेम तर चांगल्या मिळताहेत’ एवढ्यावर विसंबता येत नाही. सोपी चाचणी म्हणजे इंटरनेट बंद करून चालणारा एखादा जड गेम खेळून पाहणे. तोही अडखळला तर इंटरनेट निर्दोष.

काही वेळानेच गडबड का सुरू होते?

हे उष्णतेचे लक्षण आहे. अनेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या सामायिक असतात. एक तापला की दुसऱ्यालाही झळ बसते. शिवाय पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात जानेवारीत सुरळीत चालणारा गेम अडखळू लागला, तर नवल नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तिथल्या ‘परफॉर्मन्स’ भागात प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. खेळताना तो काही वेळाने एकदम घसरत असेल, तर आधी उष्णतेवर संशय घ्यावा. लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणावा, मागची बाजू थोडी उचलावी, जाळीतली धूळ काढून घ्यावी. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय. गरज नसताना जास्त फ्रेम बनवण्यात जाणारी वीज आणि त्यातून होणारी उष्णता दोन्ही वाचतात.

चार्जर आणि सेटिंगचा काय संबंध?

बॅटरीवर चालताना बहुतेक लॅपटॉप ताकद आवरती घेतात. कमी वॅटचा दुसराच चार्जर लावला तरी तसेच होऊ शकते. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर गेम कधी चुकून कमकुवत चिपवर चालतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ इथे जाऊन त्या गेमपुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. तरीही भार जास्त वाटला तर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करावे. पिक्सेलची संख्या निम्म्याहून कमी होते.

रॅम वाढवल्याने प्रश्न सुटतो?

खेळताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळजवळ भरलेली दिसली, तरच. स्वतंत्र ग्राफिक्स चिप नसलेल्या लॅपटॉपवर मात्र एकाच पट्टीऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्यांचा चांगला फायदा होतो, कारण तिथे ग्राफिक्सही हीच मेमरी वापरते. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, हे आधी तपासावे. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल आणि नव्या भागात शिरतानाच झटका बसत असेल, तर पैसे एसएसडीवर खर्चावेत.

नवा गेम पहिल्यांदाच का अडकतो?

प्रकाश, सावल्या, पाणी दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामना शेडर म्हणतात. ते त्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपसाठी तयार व्हावे लागतात. काही गेम हे काम खेळ चालू असतानाच करतात. ड्रायव्हर अद्ययावत केल्यावरही ते पुन्हा होऊ शकते. पहिल्या अर्ध्या तासावरून लॅपटॉपला दोष देऊ नये.

लॅगच असेल तर?

राउटरला थेट केबल जोडावी; शक्य नसेल तर पाच गिगाहर्ट्झचे वायफाय वापरावे. घरातल्या फोनवर फोटोंचा बॅकअप सुरू नाही ना, हेही पाहावे. गेममध्ये जवळचा सर्व्हर निवडावा. मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशालाही जाऊन यायला जवळपास ४० मिलिसेकंद लागतात. कितीही महागडा राउटर आणला तरी हा वेळ कमी होत नाही.

काय टाळावे?

‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ करणारी सॉफ्टवेअर आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद करण्याचे सल्ले. ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. आधी इंटरनेट, मग उष्णता, मग सेटिंग तपासावे. दुकानाची पायरी त्यानंतरच चढावी. तोवर निदान काय बदलायचे, हे तरी नेमके सांगता येईल.