सहा गाड्यांचे गणित

निवृत्तीनंतर काय करणार, असे मला अनेकांनी विचारले होते. मी 31 वर्षे इथल्या विद्यापीठात ऑपरेशन्स रिसर्च शिकवले. मोजक्या साधनांत जास्तीत जास्त काम कसे बसवावे, याचे ते गणित. आपल्या मंडळातले एक स्नेही, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, गणेशोत्सवात प्रसाद वाटता वाटता म्हणाले, "सर, घरी बसून काय करता? आमच्याकडे या. सात गाड्या आहेत आणि रोज एक कमी पडते."

गेली पाच वर्षे मी आठवड्यातून दोन दिवस दादांच्या बस कंपनीच्या ऑफिसात बसतो. ऑफिस म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यातली एक खोली, एक हीटर आणि चहाची किटली.

दादा मूळचे सातारचे. वडील एस.टी.त ड्रायव्हर. इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो: एस.टी. म्हणजे महाराष्ट्राची सरकारी बस. तिची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. तिकडे खाजगी बसवाल्यांच्या जागी सरकार आले. इंग्लंडमध्ये पुढे उलटे घडले. 1985 च्या कायद्याने, 26 ऑक्टोबर 1986 पासून, लंडनबाहेर परवानाधारकाला स्वतःचा मार्ग नोंदवून बस चालवायची मुभा मिळाली. दादा तेव्हा शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. काही वर्षांनी त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली. एस.टी. ड्रायव्हरचा मुलगा बसमालक झाला, याचे त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत नवल वाटत असे.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर तिला फेरी मारतो: टायर, दिवे, आरसे, दरवाजे, आपत्कालीन दार, व्हीलचेअरचा रॅम्प. दोष सापडला तर लिहून द्यायचा आणि दुरुस्त झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्याच वेळी फोन वाजतो, कुणीतरी आजारी असते. मग दादा स्वतः कोट चढवतात. 68 व्या वर्षीही त्यांचा परवाना चालू आहे.

मी गेलो त्या पहिल्याच महिन्यात प्रताप केला. दोन मार्गांवर मिळून दादा तीन गाड्या लावत. प्रत्येक मार्गाची जाऊन-येऊन फेरी 56 मिनिटांची, बस दर तासाला. म्हणजे दोन गाड्यांत काम भागते आणि वर चार मिनिटे उरतात! मी अभिमानाने कागद पुढे ठेवला. दादांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि विचारले, "सर, तुमच्या गाडीत माणसं चढतच नाहीत का?"

खरेच, माझ्या गणितात काठी टेकत चढणारी आजी नव्हती, बाबागाडी नव्हती, लेव्हल क्रॉसिंगचे फाटक नव्हते. चार मिनिटांत ड्रायव्हरने शौचालयाला कुठे जायचे, हेही नव्हते. नियमाप्रमाणे साडेपाच तास गाडी चालवल्यावर अर्धा तास विश्रांती द्यावी लागते, ती वेगळीच. वक्तशीरपणाचा दंडकही कडक आहे: ठरल्या वेळेच्या एक मिनिट आधीपासून पाच मिनिटे नंतरपर्यंत, एवढ्यात बस सुटली तर ती वेळेवर. लवकर सुटणे हा इथे मोठा गुन्हा. उशिरा आलेल्या बसला माणूस शिव्या देतो, पण बसून जातो. लवकर सुटलेल्या बससाठी तो तासभर थांब्यावर उभा राहतो.

तिसरी गाडी पुन्हा मार्गावर आली.

पैशाचे गणित मला त्याहून उशिरा समजले. रोज सहा गाड्या बाहेर पडतात, सातवी दुरुस्तीसाठी राखीव. त्या सहा गाड्या पोसतात त्या शाळा. सकाळ-संध्याकाळ मुले नेण्याचे कंत्राट कौन्सिल देते आणि त्यातून गाडीचा हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार निघतो. मधल्या वेळेत तीच गाडी खेड्यातल्या मार्गावर फिरते. तिथले बहुतेक प्रवासी पासवाले ज्येष्ठ. पासचे पैसे सरकारकडून येतात, पण पूर्ण भाडे नाही. पास नसता तर यांतले काही जण घरीच बसले असते, असा हिशेब धरून रक्कम ठरते. शाळेचे कंत्राट गेले की खेड्याची बस आपोआप लंगडी पडते.

गेल्या वसंतात तेच झाले. दोन शाळांपैकी एकीचे कंत्राट दुसऱ्या कंपनीने कमी दरात घेतले. दादांची मुलगी आता कंपनीची ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहे. अकाउंटन्सीतली बरी नोकरी सोडून, रीतसर परीक्षा देऊन ती इथे आली. तिने आकडे मांडले आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, खेड्याची बस बंद करावी लागेल. नोटीस पाठवू या."

मार्ग बदलायचा किंवा बंद करायचा तर इथे 70 दिवस लागतात: आधी 28 दिवस कौन्सिलला कळवायचे, मग 42 दिवसांची नोटीस ट्रॅफिक कमिशनरकडे. दादा काही बोलले नाहीत. उठून गॅरेजमध्ये गेले आणि एका गाडीचे दिवे तपासत बसले. दिवे ठीक होते.

मुलगी माझ्याकडे वळली. "काका, माझं चुकतंय का?"

चुकत नव्हते. दहा ड्रायव्हरांचे पगार तिच्या डोळ्यांसमोर होते. मी म्हटले, मला एक आठवडा दे. सोमवार ते शुक्रवार मी त्या बसमध्ये वही घेऊन बसलो. मंगळवारी बाजार आणि शुक्रवारी दवाखाना, म्हणून गर्दी. बाकी तीन दिवस चार-पाच माणसे. त्यांत एक बाई पाचही दिवस होत्या. त्यांचे यजमान शहरातल्या केअर होममध्ये आहेत. ते त्यांना नेहमी ओळखतात असे नाही, पण दुपारचे जेवण त्यांच्याच हातून नीट जेवतात.

परतताना मी ड्रायव्हरला सहज विचारले, उरलेल्या शाळेत मुले सोडल्यावर गाडी परत कशी येते? "रिकामी," तो म्हणाला. "ह्याच रस्त्याने."

31 वर्षे शिकवलेले गणित तिथे कामाला आले. सकाळी मुले उतरवून रिकामी परतणारी गाडी 9 वाजून 5 मिनिटांनी खेड्यातून जाते. दुपारी अडीचला तीच गाडी रिकामी शाळेकडे निघते. डिझेल आणि ड्रायव्हरचे तास यांचा खर्च आधीच झालेला. आम्ही या दोन फेऱ्या प्रवाशांसाठी नोंदवल्या. दुपारची पूर्ण सेवा फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी ठेवली. बाकी तीन दिवसांची बंद केली. दादांनी नोटिशीवर सही केली, पण त्या दिवशी चहा घेतला नाही.

एक अडचण राहिली. ज्येष्ठांचा पास आठवड्याच्या दिवशी साडेनऊनंतरच चालतो. थांब्यावर कागद लावायला मी स्वतः गेलो आणि त्या बाईंना सांगितले, सकाळच्या फेरीला तिकीट पडेल. त्यांनी वाचले. "तीन पाउंड ना? देईन," म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "आणि शाळेला सुट्टी असेल तेव्हा?"

तेव्हा फक्त मंगळवार-शुक्रवार. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आता त्यांच्या फ्रिजवर शाळेच्या सुट्ट्यांचा तक्ता लावलेला आहे. नातवंडे मोठी झाल्यावर असा तक्ता पुन्हा लावावा लागेल असे वाटले नव्हते, असे त्या ड्रायव्हरला सांगत होत्या.

दिवाळीत दादा गाड्यांची पूजा करतात. प्रत्येक बॉनेटवर हळदकुंकू, स्टिअरिंगला झेंडूची माळ, आणि पोलिश ड्रायव्हरसुद्धा हौसेने लाडू खातो. यंदा या म्हणे सगळे. फक्त पहाटे पाचच्या आत या. त्यानंतर गाड्या बाहेर पडतात, आणि त्या थांबत नाहीत.